सिल्व्हर हेरन्सची आधीची गायिका

किलकोरा, काउंटी गॉलवे
१४ ऑक्टोबर १९६३

मिसेस लाव्हेल यांस,

तुम्ही मला ओळखत नाही, पण गेला महिनाभर मी तुमच्याच कपड्यांत वावरते आहे. मी अट्रॅक्टा कॉनकॅनन. तुम्ही लग्न होऊन मेयोला गेलात आणि सिल्व्हर हेरन्स बॅंडमध्ये तुमची जागा रिकामी झाली, तिथे आता मी गाते. मध्ये मॅलकीने दोघीजणी ठेवून पाहिल्या म्हणे. एकीला गाडी लागायची आणि दुसरीला मॅलकी सोसवेना. तुमचा निळा चमचमता झगा मला मिळालाय. मी शिवणाच्या दुकानातली, त्यामुळे कमरेत आत घेतला आणि उंच आहे म्हणून खालची शिवण सोडली.

झगा जमला, बाकी काही जमत नाही. दर गाणं झालं की मॅलकी म्हणतो, नूला असं नव्हती करत. नेमकं काय करायची विचारलं तर सॅक्सोफोन बाजूला ठेवून नुसता हात हवेत फिरवतो. मग मी तुम्हालाच विचारावं म्हटलं. संथ गाण्यात हातांचं काय करायचं? आणि बघायचं कुठे? एका भिंतीला पुरुष, दुसऱ्या भिंतीला बायका, दारात फादर, आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

एका गोष्टीची माफीही मागायची आहे. नाच संपला की पोरी बॅंडच्या फोटोवर सह्या घ्यायला रांग लावतात, ते तुम्हाला माहीतच आहे. त्या फोटोत अजून तुम्हीच आहात. मॅलकी म्हणतो, आहे तो गठ्ठा संपल्याशिवाय नवे छापणार नाही. तेव्हा रोज तुमच्या हसऱ्या चेहऱ्याखाली मी माझं नाव लिहिते. परवा एका पोरीने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि काळजीने विचारलं, "आजारी होतीस का गं?"

ख्रिसमसपर्यंत मॅलकी माझं गाणं बघणार, नाहीतर मी परत शिवणाच्या यंत्रावर. मला परत जायचं नाही. दोन ओळी लिहिल्यात तर उपकार होतील.

अट्रॅक्टा कॉनकॅनन


द्रुमीन, काउंटी मेयो
२२ ऑक्टोबर

अट्रॅक्टा,

मिसेस लाव्हेल म्हणजे माझी सासू. मी नूला. आणि ते तुम्ही-बिम्ही राहू दे, एकाच झग्यात दोघी मावलो म्हणजे तेवढी जवळीक झालीच. फोटोचं मनावर घेऊ नकोस. मी आले तेव्हा माझ्याआधीच्या ट्रम्पेटवाल्याच्या फोटोवर मला सह्या करायला लावल्या होत्या, आणि त्याला मिशा होत्या.

आता हात. एका हाताने माईकचा दांडा धर, दुसरा सोडून दे. तो आपोआप कुठेतरी जातो, त्याच्या मागे लागू नकोस. बघायचं कुठे, हा खरा प्रश्न. पुरुषांच्या भिंतीकडे बघितलंस तर एकेकाला वाटतं हे माझ्याचसाठी चाललंय, आणि बायकांकडे बघितलंस तर त्या झग्याची शिवण तपासतात. मागे लेमोनेडच्या टेबलाशी एक बाई असते बघ, प्रत्येक हॉलमध्ये असते. दिवसभर राबून आलेली, तिला नाचायला कुणी विचारत नाही. तिच्यासाठी गा. तिने ग्लास पुसायचं थांबवलं की समज गाणं जमलं.

मॅलकीला घाबरू नकोस. तो दुसऱ्यांवर ओरडतो ते स्वतःच्या बापावर ओरडायचं राहून गेलं म्हणून. हेरन्स मुळात बापाचा बॅंड. तेव्हा सगळे काळे कोट घालून खुर्च्यांवर बसायचे आणि कागदात तोंड खुपसून वाजवायचे. मग मॅलकीने उत्तरेकडचा एक बॅंड पाहिला, उभ्याने वाजवणारा, स्टेजभर उड्या मारणारा. त्याने पुढच्याच नाचाला सगळ्या खुर्च्या उचलून बाहेर पावसात ठेवल्या. बाकीचे मुकाट उभे राहिले. फिडलवाला टिमनी मात्र म्हणाला, बिशप आले तेव्हाही मी बसून वाजवलंय. पुढच्या वेळी त्याने घरून स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, स्टेजच्या मधोमध ठेवली आणि रात्रभर बसून वाजवलं, भोवती सगळे उड्या मारतायत. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. पुढच्या आठवड्यात तो खुर्चीसकट बॅंड सोडून गेला. त्यानंतर ॲकॉर्डियन बर्मिंगहॅमला गेलं, ट्रॉम्बोन बॉस्टनला, ट्रम्पेटने लग्न केलं, मग मी. मूळच्यांतला मॅलकी तेवढा उरलाय. माणसं बदलतात, हेरन्सचं नाव आणि त्याचा राग कायम आहे.

माझं काय विचारशील, तर सुखात आहे. डॉमिनिक सोन्यासारखा माणूस, घर कोरडं, कोंबड्या भरपूर, लोणी मी स्वतः काढते. संध्याकाळी शेगडीपाशी पाय पसरून बसलं की त्या थंडगार गाडीत ओल्या कोटांखाली झोपायचे दिवस दुसऱ्याच कुणाचे वाटतात. बॅंडची आठवण यायला वेळ कुठे आहे?

पुढे कसं होतंय ते कळव. सगळं कळव.

नूला


किलकोरा
९ जानेवारी १९६४

प्रिय नूला,

तुझी तिन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे, ऑक्टोबरचं, ते नव्या पडद्यांचं, आणि ख्रिसमसचं, ज्यात सफरचंदाच्या केकचं वर्णन वाचून मला भूक लागली होती. मॅलकीने मला ठेवलं. त्याची ठेवायची पद्धत म्हणजे त्याने ओरडून सांगितलं की उद्या लवकर ये. नोव्हेंबरात रॉसकॉमनकडच्या एका हॉलमध्ये लेमोनेडच्या बाईने ग्लास पुसायचं थांबवलं. फडकं हातात तसंच. मी गाणं विसरता विसरता राहिले. तुला तिथल्या तिथे तार करावीशी वाटली.

ड्रमवाला गेला. दुसऱ्या एका बॅंडच्या गाडीत हीटर आहे, एवढ्यावर गेला. नवा आलाय तो पाद्री व्हायला निघाला होता आणि अर्ध्यावरून परतला. जलद गाणंही तो प्रेतयात्रेच्या घंटेसारखं वाजवतो, पण गाडीत झोपेत लॅटिन बोलतो, तेवढीच करमणूक.

आता खरी गोष्ट. ट्यूमच्या ठाण्यात कॉर्मक हेशन म्हणून पोलीस आहे, हॉलच्या दारावर बंदोबस्ताला असायचा. सप्टेंबरपासून माझं प्रत्येक गाणं त्याने दाराबाहेर पावसात उभं राहून ऐकलंय. परवा त्याने मला मागणी घातली. मला तो आवडतो, नूला. हसतो तेव्हा कान हलतात.

अडचण दिवसांची आहे. उपवासकाळ लागला की ईस्टरपर्यंत लग्नं बंद, नाचही बंद. तो ज्या दिवशी लागतो तो राखेचा बुधवार यंदा बारा फेब्रुवारीला. त्याआधी लग्न करायचं तर महिनाअखेर फादरना सांगायला हवं. आणि त्याच बुधवारच्या बोटीने मॅलकी दरवर्षीसारखा सगळ्यांना मँचेस्टरला नेतोय, तिकडे आपली माणसं उपवासकाळातही नाचायची थांबत नाहीत ना. म्हणजे एकतर कॉर्मक, नाहीतर बोट. पोलिसाच्या बायकोने स्टेजवर उभं राहिलेलं सार्जंटना चालणार नाही. कॉर्मकने हे अगदी गोड शब्दांत सांगितलं, पण सांगितलं.

मी त्याला तुझी पत्रं वाचून दाखवली. तो म्हणाला, बघ, तिनेही सोडलं, आणि किती सुखात आहे. मलाही तेच वाटलं. तू तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली गायचीस, सगळे सांगतात, आणि तुला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही. मग मला कसली भीती? तरी एकदा मला सरळ लिही. खरंच काही वाटत नाही ना? तू हो म्हणालीस की मी त्याला हो म्हणते.

तुझी अट्रॅक्टा


द्रुमीन
२० जानेवारी

प्रिय अट्रॅक्टा,

बातमी वाचून आनंद झाला. हसताना ज्याचे कान हलतात तो माणूस वाईट असणार नाही. तुझ्या मनाला विचार, माझ्या मनाला विचारून काय उपयोग.

इकडे पाऊस आहे. लाल गाय पुढच्या महिन्याअखेर व्यायणार. रविवारी डॉमिनिकने रेडिओ लावला होता तेव्हा तुमचा कार्यक्रम लागला. मी कोंबड्या कोंडायला बाहेर गेले होते, त्यामुळे दारातून जेवढं ऐकू आलं तेवढंच. त्या संथ गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी तू श्वास घेत नाहीस. मॅलकी घेऊ देणार नाही, तरी घे. आणि शेवटची ओळ तू खाली उतरवतेस, तिथे आवाज नुसता ठेवून द्यायचा, ढकलायचा नाही. तिसऱ्या ओळीत मात्र तू जे केलंस ते मला कधी सुचलं नव्हतं.

वाटण्याचं म्हणशील तर माणसाला सवय होते. सुखी राहा.

नूला


द्रुमीन
२३ जानेवारी

मिस कॉनकॅनन यांस,

मी डॉमिनिक लाव्हेल, नूलाचा नवरा. मी पत्रं लिहीत नाही. शेवटचं लिहिलं ते खताच्या कंपनीला. नूलाला हे माहीत नाही आणि तुम्ही सांगू नये.

तुमचं पत्र आल्यापासून ती उत्तर लिहीत होती. लिहायची आणि शेगडीत टाकायची. शेवटी एक पाकिटात घातलं, तेही मी टपालात टाकेपर्यंत दोनदा परत मागितलं. तुमच्या पत्रात काय होतं ते तिने मला जेवताना सांगितलं. तिच्या उत्तरात काय आहे ते मला माहीत नाही, पण मी तिला ओळखतो. खरं असतं तर एका दमात लिहून झालं असतं.

नूला घरात गात नाही. लग्न झाल्यापासून कधीच नाही. एकदा माझ्या बहिणीने आग्रह केला तर म्हणाली, आता गळा राहिला नाही. पण गोठ्यात धार काढताना ती गाते. माझ्या बुटांचा आवाज आला की थांबते. म्हणून मी आता फाटकापाशी बूट काढतो आणि चिखलातून मोज्यांवर जातो. तेवढी दोन कडवी जास्त ऐकायला मिळतात. मोजे रोज ओले का होतात ते तिला कळत नाही. रविवारी रेडिओवर तुमचा बॅंड लागला की ती कोंबड्या कोंडायला जाते. आमच्या कोंबड्या त्याआधीच कोंडलेल्या असतात.

तिला गाऊ नको असं इथे कुणी सांगितलेलं नाही. मी तर नाहीच. बायका लग्न झालं की सोडतात, तिने सोडलं. मला वाटायचं, आपण अडवलं नाही म्हणजे आपलं काम झालं. जा, असंही मी कधी म्हणालो नाही. गायीशी मी दिवसभर बोलतो, पण बायकोसमोर माझी जीभ उचलत नाही.

तुम्ही त्या पोलिसाशी लग्न करा किंवा करू नका, ते तुमचं तुम्ही बघा. फक्त करायचं तर त्याच्या भरवशावर करा. आमच्या कोंबड्यांच्या भरवशावर नको.

आणि तुमच्या मॅलकीला मँचेस्टरला आणखी एका गळ्याची गरज पडली, तर इथे एक आहे.

डी. लाव्हेल


किलकोरा
३१ जानेवारी

नूला,

मी फादरकडे गेले नाही. कॉर्मकला म्हटलं, ईस्टरपर्यंत थांब. तो तीन दिवस गाल फुगवून बसला. मग शनिवारी हॉलमध्ये आला, बंदोबस्ताला नाही, साध्या कोटात, तिकीट काढून. दाराबाहेर नाही, आत, सगळ्यांसमोर उभा राहिला आणि ऐकलं. नंतर म्हणाला, ईस्टर काही फार लांब नाही. सार्जंटचं काय ते विचारलं तर म्हणाला, विचार करतोय. करू दे. मलाही तोवर समजेल की तो माझं गाणं ऐकायला येतो की ते थांबवायला.

आता माझं ऐक आणि मध्ये बोलू नकोस. उपवासकाळात मँचेस्टरला रोज नाच असतो, काही दिवशी दोन ठिकाणी. माझा एकटीचा गळा पुरणार नाही, हे मॅलकीलाही पटलंय. मी त्याला म्हटलं, दोन गायिका घे. तो तासभर ओरडला. मग विचारलं, दुसरी कोण? मी तुझं नाव सांगितलं. तो ओरडायचा थांबला, खाली बसला आणि म्हणाला, "ती येणार नाही." कधी नव्हे तो आवाज असा होता की मला त्याची दया आली.

तू मला लिहिलंस की तुला आठवण यायला वेळ नाही. आणि त्याच बाईने दारातून, पावसातून, कोंबड्यांच्या गोंगाटातून माझा न घेतलेला श्वास ऐकला. मला फसवायचं होतं तर पत्र तिथेच थांबवायचं होतंस, बाई.

झग्याची काळजी करू नकोस, जुना आता माझ्या उंचीचा झालाय. तुझा नवा मी शिवतेय, हिरवा. मापं कळव, आणि केक धरून खरी कळव. आली नाहीस तर मी बोटीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, फादरच्या दारात जाऊन कुणाशीही लग्न करीन, आणि ते पाप तुझ्या माथी.

अट्रॅक्टा


मँचेस्टर
२५ फेब्रुवारी

डॉमिनिक,

आम्ही नीट पोचलो हे कार्डावर कळवलंच होतं. त्यानंतर तुझं काही नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी टपालवाल्याची वाट बघते.

अट्रॅक्टाचं ते पत्र मी टेबलावर तुझ्यासमोर ठेवलं. तू वाचलंस, घडी घातलीस आणि गायीकडे गेलास. दुसऱ्या दिवशी माझी बॅग माळ्यावरून काढून, पुसून दारात ठेवलेली होती. स्टेशनवर आलास, डब्यात बॅग चढवलीस, टोपी काढलीस, घातलीस. गाडी हलली तरी एक शब्द नाही. बोटीवर रात्रभर मी तोच विचार करत होते, की या माणसाने मला पाठवलं की घालवून दिलं.

आता इथलं सांगते. पहिल्या दिवशी माझा आवाज फुटला. दोन ओळी गेल्या आणि तिसरी आलीच नाही. अट्रॅक्टा बाजूला उभी होती, तिने ती ओळ उचलली, जणू तसंच ठरलं होतं, आणि चौथीला मला परत दिली. मॅलकी माझ्याकडे पाठ करून वाजवत होता. नंतर कळलं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला त्याला दुसरी जागा नव्हती. त्यानंतर रोज गातेय. हॉल भरून वाहतात. सगळी आपलीच पोरं, दिवसभर खोदकाम करून आलेली, नखांत माती, केसांना पाणी लावून चापून बसवलेले. संथ गाणं सुरू झालं की ती नाचायचं विसरून नुसती उभी राहतात.

मला आनंद होतोय, डॉमिनिक. हे तुला लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहून झालं पुरेसं. सकाळी जाग येते तेव्हा संध्याकाळची वाट बघत जाग येते. वर्षभर असं झालं नव्हतं. तू काही कमी केलंस असं नाही. तुझ्याइतकी माया मला कुणी लावली नाही. तरी असं आहे, मी काय करू?

तिकडे लोक बोलत असतील. तुझ्या आईंना तोंड लपवायची वेळ आली असेल. लाल गाय तुला एकट्याला निस्तरावी लागली असेल. तू मनाविरुद्ध मला जाऊ दिलं असशील तर सांग, मी उद्याच्या बोटीने येते आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. पण या खेपेला सांग. तुझ्या गप्प बसण्यावरून ओळखत बसायला मी आता इतक्या लांब आहे की मला ते दिसत नाही.

तुझी नूला


द्रुमीन
८ मार्च

नूला,

लाल गाय व्याली. कालवड झाली. दोघी ठीक आहेत.

उत्तराला उशीर झाला, कारण चार कागद शेगडीत गेले. आता कळलं तुझं काय होत होतं.

आई दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग तिने विचारलं, मँचेस्टरचं काही रेडिओवर लागतं का. नाही म्हणालो तर पुन्हा बोलायची थांबली.

लोक बोलतायत. बोलू दे. आज सकाळी चर्चमधून निघताना फादरनी मला पायरीवर थांबवलं. मागे सगळं गाव उभं होतं आणि कुणी पुढे सरकत नव्हतं. त्यांनी विचारलं, बरेच रविवार तुमची मिसेस दिसली नाही, आजारी आहे का. मी म्हणालो, "नाही फादर. कामावर गेलीय."

त्यांनी विचारलं, लग्न झालेल्या बाईचं कसलं काम? मी म्हणालो, "गायचं. माझ्याशी लग्न व्हायच्या आधीपासूनचं आहे."

मग पुढचं ऐकायला न थांबता मी सायकल घेऊन आलो. पण म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा आता तुलाही सांगायला हरकत नाही.

मी तुला पाहिलं ते किलकोराच्या हॉलमध्ये. तू विचारायचीस, नाचता येत नाही तर एवढी सायकल मारत दर शनिवारी कशाला यायचास? मी हसण्यावारी न्यायचो. मी ऐकायला यायचो. ज्याच्यासाठी तुझ्यावर जीव जडला तेच माझ्या घरात येऊन बंद पडलं, आणि मी तोंड मिटून बघत राहिलो. तू घरी नसलीस की घर रिकामं वाटतं, हे खरं आहे. पण तू घरात असून गात नव्हतीस तेव्हाही ते मला रिकामंच वाटायचं.

मी तुला पाठवलंय, नूला. घालवलेलं नाही.

ईस्टर झाल्यावर ये, त्याआधी नको. नंतर मॅलकी बोलावेल तिथे जात जा, स्टेशनवर मी सोडीन आणि आणायलाही येईन. थंडीत गळा उघडा टाकू नकोस. इकडचं मी बघतो.

डॉमिनिक